एचआयव्हीजन्य देहक्षय

एचआयव्हीजन्य देहक्षय म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग असलेल्या व्यक्तीचे वजन, आणि विशेषतः स्नायूंचे वस्तुमान, तिची इच्छा वा प्रयत्न नसताना घटत जाणे होय. वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घट झाली आणि तिच्या जोडीला महिनाभर टिकलेले जुलाब किंवा ताप व अशक्तपणा असेल, तर ही अवस्था एड्सचे निदर्शक लक्षण मानली जाते. एड्सच्या आरंभीच्या काळात देहक्षय ही मृत्यूची पूर्वसूचना समजली जाई. विषाणूविरोधी उपचार उपलब्ध झाल्यापासून तो बहुतांश रुग्णांत टाळता येतो आणि पुष्कळदा भरूनही काढता येतो. त्यासाठी वजनातील घट लवकर लक्षात येणे आणि तिचे मूळ कारण शोधले जाणे आवश्यक असते. केवळ आहार वाढवून देहक्षय थांबतोच असे नाही.

महाराष्ट्रात, आणि त्यातही नांदेड व लातूर यांसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्यांत, दुष्काळ, हंगामी स्थलांतर, क्षयरोग आणि सामाजिक कलंक या चार गोष्टींमुळे या आजाराच्या व्यवस्थापनाला स्थानिक परिमाण लाभले आहे.

नाव

मराठीत 'क्षय' या शब्दाचा मूळ अर्थ झीज, ऱ्हास असा आहे. रोग्याला झिजवणारा आजार म्हणून फुप्फुसाच्या प्रसिद्ध रोगाला 'क्षयरोग' हे नाव पडले. आयुर्वेदात त्यालाच राजयक्ष्मा म्हणतात. एचआयव्हीमुळे होणारी झीज त्याहून वेगळी असली, तरी दोहोंचा संबंध केवळ शाब्दिक नाही. भारतात एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीचे वजन घटू लागले की प्रथम क्षयरोगाचीच शंका घेतली जाते. आफ्रिकेत युगांडाच्या नैऋत्य भागातील लोक या आजाराला 'स्लिम' म्हणत. १९८५ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याच नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले.

व्याख्या

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८७ मध्ये पुढील निकष ठरवले: मूळ वजनात अनैच्छिकपणे १० टक्क्यांहून अधिक घट, आणि त्यासोबत किमान ३० दिवस रोज दोन वा अधिक पातळ शौच, अथवा किमान ३० दिवस अशक्तपणा व अधूनमधून किंवा सतत येणारा ताप, शिवाय या लक्षणांचे एचआयव्हीव्यतिरिक्त दुसरे कारण न आढळणे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात कारण न सापडलेली १० टक्क्यांपर्यंतची घट दुसऱ्या टप्प्यात, १० टक्क्यांपेक्षा अधिक घट तिसऱ्या टप्प्यात आणि संपूर्ण देहक्षय चौथ्या टप्प्यात मोडतो.

उदाहरणार्थ, ६० किलो वजनाची व्यक्ती ५७ किलोवर आली, तर ती घट ५ टक्के होते आणि ५४ किलोवर आली, तर १० टक्के. सहा महिन्यांत झालेली ५ टक्क्यांची घटही धोक्याची मानली जाते. त्यामुळे ५४ हा आकडा येण्याची वाट न पाहता ५७ वरच तपासण्या सुरू करणे हिताचे असते.

इतिहास

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे आढळला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये, तर महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली. वैद्यकीय संशोधनातून १९८९ मध्ये असे दिसून आले की, देहक्षयाने होणारा मृत्यू साधारणतः वजन आदर्श वजनाच्या दोन-तृतीयांशावर आले असता ओढवतो. मृत्यूचे तात्कालिक कारण काहीही असो, शरीराची ही झीजच निर्णायक ठरते, असा त्याचा अर्थ होता.

तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती १९९६ पासून प्रचारात आली आणि श्रीमंत देशांत देहक्षयाचे प्रमाण झपाट्याने घटले. तिची वार्षिक किंमत मात्र दहा हजार डॉलरहून अधिक होती. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये हा संच वर्षाला सुमारे ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तरीही ग्रामीण कुटुंबाला ती रक्कम परवडणारी नव्हती. केंद्र शासनाने १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधे देण्यास प्रारंभ केला. २०१७ पासून सीडी४ पेशींची संख्या कितीही असली, तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण स्वीकारले गेले.

कारणे

देहक्षयाची कारणे सामान्यतः चार गटांत मांडली जातात आणि एकाच रुग्णात ती एकत्र आढळू शकतात.

१. अपुरा आहार. तोंडातील वा अन्ननलिकेतील बुरशीमुळे गिळताना वेदना होणे, मळमळ, नैराश्य, औषधांचे परिणाम यांमुळे जेवण कमी होते. घरात धान्यच अपुरे असणे हेही तितकेच खरे कारण आहे.

२. अन्नरसाचे अपुरे शोषण. आतड्याच्या अस्तरातील सीडी४ पेशी संसर्गाच्या आरंभीच मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. पुढे क्रिप्टोस्पोरिडियम, आयसोस्पोरा, मायक्रोस्पोरिडिया यांसारख्या परजीवींमुळे दीर्घकाळ जुलाब होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही.

३. वाढलेला ऊर्जाव्यय. विषाणूशी झुंजताना शरीर विश्रांतीच्या अवस्थेतही अधिक ऊर्जा खर्च करते. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर हा खर्च आणखी वाढतो.

४. चयापचयातील बिघाड. दाहकारक प्रथिनांमुळे भूक मंदावते आणि स्नायूंतील प्रथिने मोडली जातात. पुरुषांत टेस्टोस्टेरॉनची पातळी घटणे हे स्नायू कमी होण्याचे आणखी एक कारण आहे.

उपासमारीत शरीर आधी चरबी वापरते आणि स्नायू शक्यतो राखते. देहक्षयात मात्र चरबी शिल्लक असतानाही स्नायू झिजू शकतात. त्यामुळे पोट भरलेले असूनही दंड-मांड्या बारीक होत जाणे हे या आजाराचे लक्षणीय रूप आहे. स्त्रियांत आरंभी चरबीची घट अधिक ठळक असू शकते.

निदान

देहक्षय ओळखण्याचे प्रमुख साधन वजनकाटा हे आहे. प्रत्येक भेटीत, शक्यतो त्याच काट्यावर, पादत्राणे काढून व हलक्या कपड्यांत वजन घेऊन ते उपचार पुस्तिकेत नोंदवले जाते. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महिन्यांमागून महिने उतरत जाणारी ओळ अधिक बोलकी असते. पायांवर सूज असेल तर वजन फसवे ठरू शकते. अशा वेळी दंडाचा घेर मोजणे उपयुक्त ठरते. प्रौढांत देहभार निर्देशांक १८.५ पेक्षा कमी असणे हे अपुऱ्या पोषणाचे आणि १६ पेक्षा कमी असणे हे तीव्र कुपोषणाचे चिन्ह मानले जाते.

वजन घटलेले आढळल्यास पुढील प्रश्नांची उत्तरे शोधली जातात:

खोकला, ताप, रात्रीचा घाम यांपैकी काही आहे का? वजनातील घटीसह ही चार लक्षणे क्षयरोगाच्या चाळणीत प्रत्येक भेटीस विचारली जातात. त्यांतील एक जरी असले, तरी थुंकीची व अन्य तपासणी करावी लागते.

जुलाब आहेत का? असल्यास शौचाची तपासणी केली जाते.

गिळताना दुखते का, तोंडात पांढरे चट्टे आहेत का?

गोळ्या नियमित घेतल्या जातात का, आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण किती आहे?

मधुमेह, थायरॉइडचे विकार, कर्करोग, नैराश्य यांपैकी काही आहे का?

कृश देह हा एचआयव्हीचा पुरावा नाही आणि भरलेला देह ही संसर्ग नसल्याची खूण नाही. संसर्ग झाल्यावर अनेक वर्षे वजन व प्रकृती उत्तम राहू शकते. संसर्गाचे निदान केवळ रक्ततपासणीने होते आणि ती एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत व गोपनीय रीतीने केली जाते.

चरबीच्या पुनर्रचनेपासून वेगळेपण

स्टॅव्ह्युडिन या जुन्या औषधामुळे अनेक रुग्णांचे गाल बसत, हातापायांवरील चरबी नाहीशी होऊन शिरा उठून दिसत. ही अवस्था चरबीच्या ऱ्हासाची होती. तीत स्नायू बहुधा शाबूत असत. मात्र चेहऱ्यावरील या बदलामुळे ओळख उघड होईल, या भीतीने काहींनी औषधच सोडले. हे औषध आता वापरातून गेले आहे. सध्याच्या डोल्युटेग्रॅव्हिरयुक्त उपचारात उलट वजन वाढण्याकडे कल दिसतो आणि काही रुग्णांना स्थूलतेची काळजी घ्यावी लागते.

उपचार

विषाणूविरोधी औषधे

देहक्षयावरील पहिला उपचार म्हणजे एचआयव्हीवरील उपचार. भारतात सध्या बहुसंख्य प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे असलेली एकच गोळी दिवसातून एकदा दिली जाते. विषाणूंचे प्रमाण दबले की भूक सुधारते, जुलाब आटोक्यात येतात आणि वजन हळूहळू वाढू लागते. गोळ्या चालू असताना वजन घटू लागले, तर औषधे चुकत आहेत, औषधास विषाणू दाद देत नाही किंवा दुसरा आजार दडला आहे, अशा शक्यता तपासाव्या लागतात.

लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्तावरील काही औषधे डोल्युटेग्रॅव्हिरचे शोषण कमी करतात. म्हणून शक्ती येण्यासाठी घेतलेली कोणतीही गोळी डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असल्यास डोल्युटेग्रॅव्हिरची मात्रा दिवसातून दोनदा द्यावी लागते.

संधिसाधू आजारांवरील उपचार

क्षयरोगाचे निदान झाल्यास त्याचे उपचार प्रथम सुरू केले जातात आणि नंतर विषाणूविरोधी औषधे जोडली जातात. क्षयरोग नसल्याची खात्री झाल्यास प्रतिबंधक उपचार दिले जातात. सीडी४ पेशी कमी असलेल्यांना को-ट्रायमोक्सॅझोल दिले जाते. अन्ननलिकेतील बुरशीवर फ्लुकोनॅझोल गुणकारी असते. गिळणे सुकर झाले की आहार आपोआप वाढतो. उपचारांच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती जागी होताना दडलेला क्षयरोग उसळून ताप येऊ शकतो. 'औषध लागू पडले नाही' असे समजून या काळात गोळ्या सोडणे घातक ठरते.

भूक व स्नायू वाढवणारी औषधे

मेजेस्ट्रॉल या संप्रेरकसदृश औषधाने भूक व वजन वाढते. परंतु वाढलेले वजन मुख्यतः चरबीचे असते आणि रक्तात गुठळ्या होण्याचा धोका संभवतो. मानवी वृद्धी संप्रेरकास अमेरिकेत १९९६ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली. ते अतिशय महाग आहे. टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचे तपासणीत सिद्ध झालेल्या पुरुषांनाच ते दिले जाते. ही सर्व औषधे दुय्यम असून मूळ कारणावरील उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत.

एड्स पूर्ण बरा करण्याचा दावा करणारे औषध विकण्यास भारतातील औषधविषयक नियम मनाई करतात. वजन वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बिनओळखीच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने चेहरा भरल्यासारखा दिसतो, पण ती सूज असते. शिवाय प्रतिकारशक्ती आणखी खालावते.

आहार

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार लक्षणे नसलेल्या प्रौढास नेहमीपेक्षा सुमारे १० टक्के, लक्षणे असलेल्यास २० ते ३० टक्के आणि वजन घटत असलेल्या बालकास ५० ते १०० टक्के अधिक ऊर्जा लागते. रोज २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी १० टक्के म्हणजे २०० किलोकॅलरी. ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाणे आणि १० ग्रॅम गूळ यांतून ती मिळते. महागडी पूड विकत घेण्याची गरज सहसा नसते.

प्रौढास रोज प्रतिकिलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. ५० किलोच्या व्यक्तीस सुमारे ४२ ग्रॅम. मराठवाड्यातील साध्या जेवणातून हे प्रमाण गाठता येते. २५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे २५ ग्रॅम, ५० ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून ११ ग्रॅम, ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम आणि पेलाभर दुधातून ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. तीळ, जवस व कारळ्याच्या चटण्या, हरभऱ्याची उसळ, राजगिऱ्याचे लाडू आणि गव्हात मिसळलेले थोडे सोयाबीनचे पीठ हे इतर सुलभ पर्याय होत.

भूक नसताना दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे सोपे जाते. तोंड आले असल्यास तिखट व आंबट टाळून दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी, केळे असे पदार्थ दिले जातात. जुलाबात जलसंजीवनी, भाताची पेज आणि ताक द्यावे. जेवण बंद करू नये. अंडी पूर्ण उकडलेली आणि दूध तापवलेले असावे.

फार काळ उपाशी राहिलेल्या, अत्यंत कृश रुग्णास एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फरस व पोटॅशियम धोकादायक रीतीने घटू शकते. अशा रुग्णाचा आहार रुग्णालयात, देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढवला जातो.

व्यायाम

नुसत्या आहाराने चरबी वाढू शकते. स्नायू परत मिळवण्यासाठी त्यांना काम द्यावे लागते. ताप उतरल्यावर आठवड्यातून दोन-तीन वेळा उठाबशा, भिंतीला रेटा देणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे असे व्यायाम हळूहळू वाढवत करता येतात. ताप किंवा जुलाब असताना विश्रांतीच योग्य.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील स्थिती

देशात एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींची संख्या २५ लाखांच्या आसपास असून त्यांपैकी सर्वाधिक व्यक्ती महाराष्ट्रात आहेत. नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे एआरटी केंद्रे आहेत. नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर हे तालुके जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहेत. ज्याला उभे राहण्याचे त्राण नाही, त्याला हा प्रवासच उपचाराबाहेर ठेवू शकतो. हे अंतर कमी करण्यासाठी एआरटी केंद्रांना जोडलेली लिंक केंद्रे ग्रामीण भागातील रुग्णालयांत चालवण्याची राष्ट्रीय कार्यक्रमात तरतूद आहे.

स्थलांतर. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कष्ट वाढतात, खाणे अनियमित होते आणि गोळ्या संपण्याचा धोका असतो. प्रकृती स्थिर असलेल्यांना एकाच वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या देण्याची, तसेच मुक्कामाजवळच्या केंद्रावर नोंद हस्तांतरित करण्याची सोय आहे. निघण्यापूर्वी केंद्रास कळवल्यास तिचा लाभ घेता येतो.

पाणी. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईच्या काळात टँकरच्या किंवा उघड्या साठ्याच्या पाण्यातून जुलाब पसरतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. म्हणून प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी पाणी उकळून पिणे हाच खात्रीचा उपाय होय.

मुले. बालकांत वजन घटणेच नव्हे, तर वयानुसार न वाढणे हेही देहक्षयाचे लक्षण मानतात. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी 'सेवालय' सुरू केले. तेथील मुलांना गावच्या शाळेत बसू देण्यास २००९ मध्ये पालकांनी विरोध केला आणि ही घटना देशभर गाजली. पुढे वयाची अठरा वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी तेथेच 'हॅपी इंडियन व्हिलेज' उभे राहिले. बीड जिल्ह्यातील पाली येथील 'इन्फंट इंडिया' आणि पंढरपूर येथील 'पालवी' या संस्थाही अशा मुलांचा सांभाळ करतात. नियमित औषध, पुरेसे अन्न आणि माया मिळाल्यास ही मुले इतरांसारखीच वाढतात, हे या संस्थांतून मोठ्या झालेल्या तरुणांनी दाखवून दिले आहे.

सामाजिक कलंक. 'तो वाळत चालला आहे' एवढ्या शेऱ्यावरून गावात तर्क बांधले जातात. त्या भीतीने वजन घटू लागलेली व्यक्ती तपासणीस जाण्याऐवजी घरातच थांबते, दूरच्या शहरात खासगी उपचार शोधते किंवा गोळ्या लपवताना त्या चुकवते. ज्या खुणेमुळे रुग्णाने रुग्णालयात यायला हवे, तीच खूण त्याला लोकांपासून लपायला लावते. हे मराठवाड्यापुरते मर्यादित नाही. पण लहान गावात, जिथे दवाखान्याच्या रांगेतही ओळखीचे भेटतात, तिथे त्याची तीव्रता अधिक असते.

शासकीय साहाय्य व कायदा

क्षयरोगाचे उपचार घेणाऱ्यांना निक्षय पोषण योजनेतून एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये दिले जातात. महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांत एड्सग्रस्तांचा समावेश आहे. बाल संगोपन योजनेतून एचआयव्हीबाधित बालकांस साहाय्य मिळू शकते. राज्य परिवहन महामंडळाच्या साध्या बसमध्ये एचआयव्हीबाधितांसाठी प्रवाससवलत आहे.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार शिक्षण, नोकरी, उपचार व निवास यांत भेदभाव करता येत नाही आणि व्यक्तीच्या संमतीविना तिची चाचणी करता येत नाही किंवा तिची स्थिती उघड करता येत नाही. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १०९७ असून ती निःशुल्क आहे.

हे सुद्धा पहा

एड्स
क्षयरोग
कुपोषण
राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना